मांडीला जागा नाय

परत आलेलं काम मला आवडत नाही. एखादं गिऱ्हाईक तेच काम घेऊन दुसऱ्यांदा आलं की माझं डोकं तापतं. तिसऱ्यांदा आलं तर चाँदभाई आधी मला चहा आणून देतात आणि मगच सांगतात. त्या दिवशी त्यांनी न मागता चहा समोर ठेवला तेव्हाच मी बाहेर बघितलं. पिवळी गाडी उभी होती.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"वोइच," चाँदभाई म्हणाले. "मांडी."

मोंढा नाक्याच्या मागच्या गल्लीत आमचं सीटकव्हरचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलेलं. नवऱ्याला वाळूजच्या कंपनीतली नोकरी बरी वाटली आणि मला दिवसभर घरात बसवेना, म्हणून दुकान माझ्याकडे आलं. चाँदभाई सासऱ्यांच्या वेळचे कारागीर. जीप, टेम्पो, ट्रॅक्टर, वरातीची गाडी, सगळ्यांच्या सीटा आम्ही केल्या होत्या. पण जमिनीला टेकलेली, दोनच सीटांची, छप्पर मागे दुमडून ठेवता येणारी स्पोर्ट्स कार आमच्या दारात कधी आली नव्हती. ती आणली देवगाव रंगारीच्या तात्यासाहेबांनी.

तात्यासाहेब सत्तरीकडे झुकलेले, पांढरा सदरा, पांढरी टोपी. दोन वर्षं अद्रकीला चांगला भाव लागला आणि त्यांनी पुण्याच्या कुणा हौशी माणसाची ही वापरलेली गाडी घेतली. त्यांच्या वयाच्या माणसानं ट्रॅक्टर घेतला असता, फार तर मोठी जीप. मुलगा अभय पुण्यात असतो, त्यानं म्हणे वडलांना फोनवर विचारलं, "दादा, तुमची तब्येत बरी आहे ना?" हे तात्यासाहेबांनीच मला सांगितलं, आणि सांगताना त्यांना हसू येत होतं.

पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी बाजूच्या सीटवर हात ठेवला आणि म्हणाले, "आमच्या मंडळींना हिच्यात बसायला जमत नाय."

"काकूंना काय त्रास होतो?"

तात्यासाहेब रस्त्याकडे बघायला लागले. "मांडीला जागा नाय, म्हणती."

आता बायकोच्या मांडीबद्दल त्यांनी परक्या बाईशी किती बोलावं? त्यांची टोपी उगाच सरळ झाली. मीही पुढे विचारलं नाही. अशा सीटांना दोन्ही बाजूंना उंचवटे असतात, वळणावर माणूस घसरू नये म्हणून. आम्ही त्यांना कान म्हणतो. अंगानं भरलेल्या माणसाच्या मांड्या त्या कानांत दाबतात, हे उघड होतं. चाँदभाईंनी बैठकीचे दोन्ही कान कापून सपाट केले. पाठीच्या बाजूला हात लावला नाही, कारण तिथं एअरबॅग असते. काम देखणं झालं. आठवड्यानं तात्यासाहेब परत.

"बसल्या का?"

"नाय. तेच म्हणती."

दुसऱ्यांदा आम्ही बैठक रुंद केली, वरून मऊ फोमचा थर दिला आणि मांडीच्या खालच्या कडेला गोलाई दिली, म्हणजे शीर दबायला नको. मी स्वतः बसून पाहिलं. उठावंसं वाटेना. आणि आता हे तिसऱ्यांदा दारात.

मी चहा तसाच ठेवून बाहेर आले. बोलायची तयारी करूनच आले होते. पण तात्यासाहेबांनी मला तोंड उघडू दिलं नाही.

"ताई, तुमच्या कामाला नाव ठेवीत नाय मी," ते म्हणाले. "पण पुण्याचा एक पोरगा गाडी मागतोय. रविवारच्याला दुपारी घरी येणार हाये. तवर मंडळी बसल्या तर ठेवतो, नायतर देऊन टाकतो. मला एकट्याला काय करायची ती?"

माझा राग कुठल्या कुठं गेला. मला एक वाईट खोड आहे, दुसऱ्याच्या घरात काय चाललंय ते कळल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. माझा नवरा याला भोचकपणा म्हणतो. पण तुम्हीच सांगा, अख्ख्या गावाचं हसू सोसून घेतलेली गाडी हा माणूस बायकोच्या मांडीपायी विकायला निघाला होता. असलं ऐकून गप्प कोण बसेल?

"काका, तुम्ही काकूंच्या जागेवर बसा," मी म्हटलं. "गाडी मी चालवते. कुठं टोचतं ते मला सांगा."

जालना रोडनं आम्ही चिकलठाण्याकडे निघालो. उन्हाळा होता, पण सकाळ होती, म्हणून छप्पर मागे दुमडून ठेवलं होतं. लोक वळून वळून बघत होते. रिक्षावाले तर आमच्याशी बोलायलाच बाजूला येत होते. तात्यासाहेब पाय लांब करून, हात पोटावर ठेवून निवांत बसले होते.

"कुठं दाबतंय?"

"कुठंच नाय. लई झ्याक हाये. झोप यायली मला."

"मग काकूंनाच का?"

"ते म्या कसं सांगू?"

मुकुंदवाडीच्या सिग्नलला गाडी थांबली. मी विचारून टाकलं, "काका, एक सांगा. एवढ्या गाड्या मिळतात, ही का घेतलीत?"

ते समोरच्या टेम्पोकडे बघत म्हणाले, "हिला मागची सीट नाय म्हणून."

मला काही कळलं नाही.

"लगीन झालं तवा सायकल व्हती," ते म्हणाले. "ती मागं, कॅरिअरवर. मंग फटफटी आली, तिच्यावर मागं. मंग जीप आली. जीपमधी पुढं मी, नायतर पाव्हणे. आता पोराची गाडी हाये, तिच्यात बी पुढं मी. ती कायम मागं, पिशव्या अन् नातवंडं धरून. पुढं बस म्हणलं की म्हणती, मला मागंच बरं. कितींदा म्हणलं. मंग म्या इचार केला, मागं सीटच नसली तर कुठं बसशील?"

सिग्नल सुटला होता. मागचे हॉर्न वाजवत होते आणि मला गिअर सापडत नव्हता. मला एकदम भरून आलं होतं, आणि त्याचबरोबर स्वतःची चीडही आली. या माणसानं बायकोला शेजारी बसवायला गाडी आणली होती आणि आम्ही दोनदा सीट उसवूनही तिला बसवू शकलो नव्हतो.

"गाडी दुकानातच ठेवून जा," मी म्हटलं. "उद्या शुक्रवार, दुकान बंद असतं. मी घेऊन येते देवगावला. मला काकूंना भेटायचंय."

"तुम्ही कशाला तरास घेता?"

"माझ्या कामाचा प्रश्न आहे," मी म्हटलं. ते निम्मंच खरं होतं.

दुसऱ्या दिवशी खुलताबादचा घाट चढून, वेरूळ-कसाबखेड्यावरून मी देवगावात शिरले. गाव आलं तसं गाडी किती बुटकी आहे ते कळायला लागलं. शेळ्यासुद्धा वरून बघत होत्या. वेशीजवळच्या पारावर म्हातारी माणसं बसली होती. त्यातल्या मधल्या, मोठ्या मिशांच्या आजोबांना मी पत्ता विचारला. मान वर करून बोलावं लागलं. त्यांनी काठीनं दिशा दाखवली आणि म्हणाले, "तात्याची गाडी हाये व्हय. आमचा धाकटा हाये तो." हे आप्पासाहेब, तात्यासाहेबांचे थोरले भाऊ.

साळूबाई, म्हणजे काकू, मागच्या पडवीत मांडी घालून अद्रकीचं बेणं निवडत होत्या. अंगानं बारीक, उंचीनं जेमतेम, हिरवं नऊवारी. मी बघतच राहिले, कारण या बाईच्या मांड्या कुठल्याही सीटच्या कानात दाबणं शक्यच नव्हतं. तात्यासाहेब आमच्या दोघींच्या मध्ये उभे होते आणि काय करावं ते त्यांना सुचत नव्हतं.

"तुम्ही जरा दुधाचं बघून या," साळूबाई त्यांना म्हणाल्या. ते लगेच गेले. सुटलेच म्हणायचे.

मी त्यांच्यासमोर बसले आणि सरळ विचारलं. "काकू, मांडी कधीपासून दुखते?"

"कुणाची?"

"तुमची."

"माझ्या मांडीला काय धाड भरलीय?" साळूबाई म्हणाल्या. "सकाळधरनं बसलेय हितं."

"मग मांडीला जागा नाही म्हणालात ना तुम्ही?"

"म्हणलं की. मांडी घालायला कुठं जागा हाये तिच्यात?" त्यांनी स्वतःच्या दुमडलेल्या पायांवर हात मारून दाखवला. "ही मांडी. अशी बसायची जागा नाय, असं म्हणलं म्या. ह्यांनी काय सांगितलं तुला?"

मी काय सांगणार? मांडी म्हणजे मांडी आणि मांडी म्हणजेही मांडीच, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. त्यांनी एक म्हटलं, नवऱ्यानं दुसरं ऐकलं, आणि लाजेपायी ना काकांनी उलटून विचारलं ना मी. दोनदा कात्री लावून चांगल्या सीटची आम्ही वाट लावली होती. मी झालं ते सांगितलं तशा साळूबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही आवरेना.

पण हसू ओसरलं तसा माझ्या डोक्यात दुसरा किडा वळवळला. "काकू, तुम्ही एसटीत बसता. तिथं कुठं मांडी घालता? पाय खालीच सोडता ना?"

साळूबाईंनी एक कांडी उचलली, तिचा डोळा बघितला, बाजूला टाकली. दुसरी उचलली.

"मग गाडीतच का नको?"

"तू पाराकडून आलीस ना?" त्यांनी विचारलं. "कोण कोण बसलंय?"

"आप्पासाहेब होते. मी त्यांनाच पत्ता विचारला."

"मंग झालं." त्यांनी आवाज खाली आणला. "गाडी आली त्या दिवशी म्या नारळ फोडला, गाडीला हळदकुंकू लावलं अन् बसले. हे म्हणले, मारुतीला जाऊन येऊ. पारावर भाऊजी बसलेले. पोरी, लगीन झाल्यापासून थोरल्या दिरासमोर म्या कधी खाटेवर सुदिक बसले नाय. अन् त्या दिवशी त्यांच्या नाकासमोरून पाय पसरून गेले. तळवे समोर, अंग मागं कललेलं. ते वर बसलेले अन् म्या खाली लोळलेली. आजाऱ्याला दवाखान्यात नेत्यात तसं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मारुतीला उतरले ती मागच्या वाटंनं चालत घरी आले."

"तात्यासाहेबांना का नाही सांगितलं?"

"भाऊ हाये तो ह्यांचा. म्हणले असते, त्याला काय वाटायचंय? त्यांना नसंल वाटत. वाटतंय मला."

मी स्वतः थोड्या वेळापूर्वी त्याच पारासमोर तसेच पाय लांब करून बसले होते. ते बोलून दाखवलं तर साळूबाई म्हणाल्या, "तुझं येगळं. तू चालवत व्हतीस." म्हणजे चालवणाऱ्याच्या पायांना काम असतं, म्हणून ते माफ. हा कायदा मला नवा होता, पण पटला.

"काका रविवारी गाडी देऊन टाकणार आहेत," मी म्हटलं.

"म्हाइत हाये."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला बसायचंय ना." हे त्या इतकं पटकन बोलल्या की स्वतःच थांबल्या. "का नाय बसायचं? हे रोज सकाळी उठून ती गाडी पुसत बसतेत. मला बघवत नाय. वाटतंय, जावं अन् बसावं. मंग पार आठवतो."

मग मी न राहवून त्यांना मागच्या सीटचं सांगितलं. सांगायला नको होतं कदाचित, ते तात्यासाहेबांनी माझ्याजवळ बोललेलं होतं. पण मला माझं तोंड माहीत आहे. साळूबाईंचा बेण्यावरचा हात थांबला.

"असं म्हणले?"

"हो."

"मला कधी नाय म्हणले." मान खाली घालून त्या एकच कांडी हातात फिरवत राहिल्या.

मी पिशवीतून टेप काढली. काकूंना मी पाटावर बसवलं, खाटेवर बसवलं, प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. खुर्चीत त्या अवघडल्या, पाय जमिनीला पुरत नव्हते. शेवटी त्या पडवीच्या काठावर बसल्या आणि पाय खालच्या पायरीवर ठेवले. पाठ सरळ, गुडघे दुमडलेले, नऊवारीचा काठ घोट्यांवर. बोटंसुद्धा दिसत नव्हती.

"अशी असली तर चालतीय," त्या म्हणाल्या.

"मांडी नाही घालू देणार हं गाडीत. काकांनी ब्रेक दाबला तर पट्टा नीट धरणार नाही तुम्हाला."

"नको मांडी. पाय खाली अन् झाकलेले. बास."

गाडी मी परत दुकानात आणली आणि शनिवारी सकाळी चाँदभाईंना सगळं सांगितलं. ते आधी हसले नाहीत. कपाळाला हात लावून म्हणाले, "या अल्ला, दो बार चिरे अपन, एक लफ्ज के पीछे." मग गाडीत डोकं घालून बघितलं. "ये तो कंपनी लेटने कू बनाई. अपन कू बैठने का बनाना पडता."

म्हणायला सोपं होतं. बैठक उचलायची म्हणून आम्ही सीटच्या रुळांखाली लोखंडी ठोकळे घातले, तर चाँदभाईंचे गुडघे समोरच्या डॅशबोर्डला लागले. ठोकळे कमी केले, तर पाय पुन्हा लांब. सीट पुढे सरकवावी असं मला वाटलं, पण समोर एअरबॅग आहे, माणसाला तिच्या तोंडाशी नेऊन बसवता येत नाही. म्हणजे माणूस होता तिथंच ठेवायचा आणि जमीनच त्याच्या पायांपाशी आणायची. देवगावची पायरी माझ्या डोक्यात होतीच. आम्ही जाड लाकडाची फळी घेतली, तिला खालून लोखंडी टेकू दिले, गाडीच्या तळाला बोल्टनं घट्ट केली आणि वरून पायपुसण्याचा काथ्या चिकटवला, पाय घसरू नये म्हणून. बैठक मागे उतरती होती ती कडक फोम भरून सपाट केली. आधी घातलेला मऊ थर काढून टाकला, कारण मऊ गादीत माणूस रुततो आणि रुतला की गुडघे वर येतात. पाठ उभी केली. पट्ट्याचं कुलूप सीटलाच होतं, ते सीटबरोबर वर आलं, ते दोनदा ओढून पाहिलं.

आता बसून कोण बघणार? मी रोज पँट घालते. घरी गेले, साडी नेसून आले. चाँदभाईंनी माझ्याकडे बघितलं आणि शहाण्या माणसासारखे काही बोलले नाहीत. साडीत बसल्यावर कळलं की पदर कुलुपात अडकतो, मग तिथं रेक्झिनचं झाकण शिवलं. पण खरी परीक्षा वेगळीच होती.

"चाँदभाई, त्या स्टुलावर उभे राहा."

"कायकू?"

"तुम्ही आप्पासाहेब. पारावर बसलाय. आता वरून बघा आणि सांगा, माझे पाय दिसतात का?"

चाँदभाई स्टुलावर चढले. मिशी नव्हती तरी त्यांनी ओठांवरून हात फिरवला. गल्लीतला पंक्चरवाला काम सोडून बघायला लागला.

"मुंडी दिखती, हाथ दिखते," ते म्हणाले. "पाँव नै दिखते. अब तुम कुर्सी पे बैठी सरीकी दिखती."

रविवारी सकाळी दोघं एसटीनं आले. तात्यासाहेब पुढे, साळूबाई चार पावलं मागे. काकूंनी जांभळं लुगडं नेसलं होतं आणि केसांत गजरा होता. तात्यासाहेब माझ्याशी बोलत होते पण त्यांचं लक्ष सारखं बायकोकडे जात होतं. दुपारी तो पोरगा येणार होता. त्याचा फोन आला होता, म्हणाले, तो पुण्याहून निघालाय. हे सांगताना त्यांचा चेहरा उतरला होता.

साळूबाईंनी दार उघडल्यावर आधी फळीला हात लावून बघितला, मग पाय ठेवला, मग बसल्या. मी पट्टा लावून दिला. त्यांनी लुगड्याचा काठ खाली ओढला, पाठ टेकवली, पुन्हा सरळ केली. तात्यासाहेब वळसा घालून आपल्या जागी जाऊन बसले आणि तिथं घोटाळा झाला. काकू त्यांच्यापेक्षा चांगल्या चार बोटं उंच दिसत होत्या. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"हे खाली अन् म्या वर?" साळूबाई म्हणाल्या. "कसं दिसंल ते?"

मी घाबरले. आता दुसरी सीटही उसवायची म्हणजे दुपार उलटणार आणि तो पोरगा गाडी घेऊन जाणार.

तात्यासाहेबांनी मान वर करून बायकोकडे बघितलं. "दिसू दे," ते म्हणाले. "घरात तर कधीपासून तसंच हाये."

चाँदभाई खोकल्याचं निमित्त करून आत गेले. साळूबाईंनी नवऱ्याकडे रागानं बघायचा प्रयत्न केला, पण तो साधला नाही. गाडी सुरू झाली आणि गल्लीतून बाहेर पडली.

ती लवकर परत यायला हवी होती. एक चक्कर मारून या, एवढंच मी म्हटलं होतं. मी दुकानात बसून तीन वेळा बाहेर डोकावले. काय झालं असेल? गुडघे लागले असतील? फळी हलली असेल? रस्त्यातच उतरून त्या रिक्षात बसल्या असतील, इथपर्यंत माझी मजल गेली. शेवटी पिवळी गाडी वळणावर दिसली. दोघंही आत होते.

गाडी दुकानासमोर थांबली, पण साळूबाई उतरल्या नाहीत. तात्यासाहेबांनी इंजिन बंद केलं.

"त्या पोराला काय सांगू मंग?" त्यांनी हळूच विचारलं.

साळूबाई त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या, अगदी निरखून, जणू हा माणूस आज पहिल्यांदाच भेटलाय.

"व्हय वो," त्या म्हणाल्या, "तुम्ही गाडी चालवताना भेता?"

"कोण म्हणलं?"

"म्या बघितलं ना. ट्रक बाजूनं गेला की तुम्ही ओठ दाताखाली धरता. पुलावर चढताना काहीतरी पुटपुटत व्हता. सारखं असं करता?"

तात्यासाहेब किल्ली बोटांत फिरवत राहिले.

"सायकलवर बी?" साळूबाईंनी विचारलं. "फटफटीवर बी? म्या मागं डोळे मिटून बसायची. घाटात सुदिक झोप लागायची मला. तुमची पाठ दिसायची निस्ती. वाटायचं, ह्या माणसाला कशाचंच भ्या नाय."

"एकट्याला नाय वाटत," तात्यासाहेब म्हणाले. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "कधीच नाय वाटलं. तू मागं असलीस की वाटायचं."

समोर गल्लीत एक हातगाडीवाला कलिंगडं विकत होता, साळूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मी दारात उभी होते आणि तिथून हलायला हवं हे मला कळत होतं, पण पाय हलत नव्हते. मग त्यांनी तात्यासाहेबांच्या मांडीवरची टोपी उचलली, झटकली आणि त्यांच्या हातात दिली.

"आता बाजूला हाये म्या," त्या म्हणाल्या. "भ्या वाटलं की सांगत जा. अन् त्या पोराला नाय म्हणा."

तात्यासाहेबांनी टोपी घातली. फोन लावला, दोन वाक्यं बोलले, ठेवला. मग गाडी सुरू केली आणि दोघं देवगावच्या रस्त्याला लागले. सीट कशी झाली, ते विचारायचं माझं राहूनच गेलं.